सिदी बू-बगराचं पाणी

"पडला! अजून एक पडला!"

गाईच्या पोटाखाली पांढरी चादर अंथरली होती आणि तिच्यावर एरंडीच्या बियांसारखे टम्म फुगलेले गोचीड टपाटप पडत होते. शुक्रवारची दुपारची नमाज आटोपून अख्खं बू-खर्रूब गाव टेकडीवरच्या दर्ग्यापुढे लोटलं होतं. आसपासच्या वाड्यांतली माणसंही आपापल्या गाईंची दावी धरून ऑगस्टच्या उन्हात उभी होती. गोचीड पडला की पुरुष 'सुब्हानअल्लाह' म्हणत आणि बायका जिभा नाचवत लांबलचक किलकाऱ्या देत.

दगडी ओट्यावर शेख मुन्जी उभा होता. खांद्यावर हिरवी शाल, हातात लांब दांड्याचा तांब्याचा पळा.

"रसायन नको, सुई नको, सरकारी शिक्का नको!" तो ओरडत होता. "सिदी बू-बगरा दोनशे वर्षं या टेकडीखाली जागे आहेत, जागे! तुमच्या गाईंची राखण करताहेत. हे त्यांच्या झऱ्याचं पाणी, आणि त्यात माझ्या आजोबांच्या आजोबांची दुआ. ज्याला शंका असेल त्यानं लांब व्हावं. शंकेखोराची सावली पडली की पाणी नासतं!"

दोनशे वर्षं डोळ्यांत तेल घालून राखण करणाऱ्या संताच्या नजरेतून एवढे गोचीड निसटले कसे, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर पाणी नासलं असतं ना!

शेख पळ्यानं घड्यातलं पाणी गाईच्या पाठीवर ओतायचा आणि खाली गुडघ्यांवर बसलेली एक बाई ते पाणी गाईच्या कासेत, काखांत, शेपटीच्या मुळाशी चोळायची. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, हात उघडे, एका हातात ताडाच्या काथ्याचा ब्रश. पासष्टी उलटलेल्या त्या बाईच्या तोंडावर घाम होता आणि डोळ्यांत असं काही तेज होतं की लोक शेखाइतकेच तिच्याकडेही आदरानं बघत होते.

ती खाल्ती शाद्लिया. गर्दीच्या मागे, खर्रूबच्या झाडाखाली उभ्या असलेल्या दलेंदाची खाल्ती, म्हणजे सख्खी मावशी.

दलेंदा वेसलाती पशुवैद्य होती. राजधानीतल्या एका प्रयोगशाळेत गेली नऊ वर्षं ती एकाच कामात बुडाली होती: गोचिडांवर लस शोधणं. आणि ज्या गावासाठी ती हे करत होती, ते गाव आज तिच्याकडे पाठ करून उभं होतं. तिची स्वतःची खाल्तीसुद्धा.

आई गेली तेव्हा दलेंदा चार वर्षांची होती. खाल्तीनं तिला वाढवलं, दूध विकून शिकवलं. खाल्तीला मूलबाळ नव्हतं, नवरा तरुणपणीच गेलेला. घरात माणसं दोनच, ती आणि ही पोर. आणि गोठ्यात कायम एक गाय. पोर डॉक्टर झाली तेव्हा खाल्तीनं गावभर लोण्यातला कुसकुस वाटला होता. कोणी म्हणालं, "अगं, माणसांची नाही, गुरांची डॉक्टर आहे ती." खाल्ती म्हणाली, "माणसं बोंबलून सांगतात काय दुखतंय ते. गुरांच्या डॉक्टरला जास्त अक्कल लागते."

या उन्हाळ्यात खाल्तीच्या गोठ्यात गझाला होती. काळी-पांढरी, विलायती रक्ताची, दिवसाला अठरा लिटर दूध देणारी. विलायती गाईंना या डोंगरात एकच शत्रू. जून लागला की गोठ्याच्या भिंतींतून गोचीड बाहेर पडतात, गाईंना चिकटतात, आणि रक्त पिता पिता तापाचे जंतू आत सोडतात. गावठी गाय कशीबशी तगते. विलायती गाय आठवड्यात आडवी होते.

"तुझी ती लस करते काय नेमकं?" खाल्तीनं मे महिन्यात विचारलं होतं. दोघी अंगणात भाकरी आणि ऑलिव्हचं तेल घेऊन बसल्या होत्या.

"गोचीड रक्त पितो ना? त्या रक्तातूनच त्याच्या पोटात शिपाई पाठवायचे. गोचिडाच्या आतड्यात काही प्रथिनं असतात. त्यातलं एखादं गाईला आधी टोचून ओळखीचं करून दिलं, की तिचं रक्त त्याच्याविरुद्ध शिपाई तयार करतं. गोचीड ते रक्त पितो आणि त्याचं आतडंच बिघडतं. मरतो, नाहीतर अंडी कमी घालतो."

"मग सोपं आहे की!"

"सोपं नाही गं. कुठलं प्रथिन, तेच तर सापडत नाही. दुसऱ्या देशातल्या गोचिडांवर एक चालतं, आपल्याकडच्यावर ते धड चालत नाही. शेकडो गोचीड चिरून मी अकरा नावं काढलीत. त्यातलं एक यंदा करून बघायचंय. निम्म्या गाईंना खरी लस, निम्म्यांना नुसतीच सुई. कुणाला काय दिलं ते मलाही माहीत नसेल."

पुढचं खाल्तीनं ऐकलंच नाही. कागद ओढून घेतला, अंगठा उठवला. "तू म्हणतेस ना? मग झालं. माझ्या गझालाला पहिली सुई."

दलेंदानं तेव्हा खाल्तीचा हात धरून तिला पुन्हा बसवायला हवं होतं. ही परीक्षा आहे, संरक्षण नाही, हे दहा वेळा सांगायला हवं होतं. तिनं सांगितलं नाही. खाल्तीचा तो विश्वास तिला फार गोड वाटला होता.

जुलैच्या मध्यावर गझालाला ताप चढला. मानेखाली लिंबाएवढी गाठ आली, दूध आटलं. खाल्तीनं कोणालाच कळवलं नाही. शेजारीण नजीहा म्हणाली, "अगं, दलेंदाला फोन कर." तर हिनं उडवून लावलं, "लस दिलीय माझ्या पोरीनं. उतरेल." पहिल्या दोन दिवसांत तापाचं औषध पडलं असतं तर गाय वाचली असती. फोन गेला तो पाचव्या दिवशी. दलेंदा पोचली तेव्हा गझाला गोठ्याच्या दारात आडवी पडली होती आणि खाल्ती तिच्या अंगावरचे गोचीड एकेक करून उपटत होती. मेलेल्या गाईच्या अंगावरचे.

गाय गेल्यामुळे प्रयोगातली तिची बंद चिठ्ठी उघडली, तेव्हा कळलं की गझालाला नुसतीच सुई मिळाली होती. दलेंदानं ते स्वतः येऊन सांगितलं.

खाल्तीनं खुंटीवरचं रिकामं दावं हातात घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या गाईला तू पाणी टोचलंस?"

"खाल्ती, मी सांगितलं होतं तुला..."

"मला वाटलं, दुसऱ्यांच्या गाईंचं बोलतेयस."

गझाला गेल्यावर दोन आठवड्यांनी शेख मुन्जी गावात आला. गाडीत हिरवे घडे, उदाचा धूर, संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा घमघमाट. त्यानं जाहीर केलं की संताचं पाणी चोळायला कधीही खोटं न बोललेली विधवा लागेल. सगळ्या गावाची बोटं एकाच घराकडे वळली.

हे सगळं मनात घोळत असतानाच दलेंदा गर्दी बाजूला सारत पुढे झाली. चादरीवरचा एक गोचीड तिनं उचलला. त्याचे पाय थरथरत होते, आखडत होते, पुन्हा थरथरत होते. नुसता सुटून पडलेला गोचीड असा वागत नाही. तिनं घड्यावर वाकून वास घेतला. आधी संत्र्याची फुलं, मग उद, आणि त्याखाली, अगदी तळाशी, कुजक्या लसणासारखं काहीतरी.

"शेखसाहेब, या पाण्यात काय आहे?"

"या, या, डॉक्टरीणबाई!" शेखाला हवंच होतं. "सांगा लोकांना, किती वर्षं शोधताय तुमची लस?"

"नऊ."

"नऊ! आणि माझ्या संताला लागतो अर्धा तास!" गर्दीत हशा पिकला. "तुमच्या सुईनं किती गोचीड पडले हो? मोजलेत? का अजून शोधच चाललाय? ऐका लोकहो! आजपासून नाही, मी आलो त्या दिवसापासून चाळीस दिवस मोजा. चाळिसाव्या दिवशी या गावात एका जरी गाईच्या कासेला गोचीड दिसला, तर ही शाल जाळून टाकीन!"

दलेंदा त्याच्याकडे न बघता खाल्तीजवळ गुडघ्यांवर बसली.

"खाल्ती, यात विष आहे. निदान हात तरी झाक. माझ्याकडे हातमोजे आहेत गाडीत, आणते."

"संताच्या पाण्याला हातमोजे?"

"हे संताचं पाणी नाही गं. मला एक घडा दे, मी तपासून आणते."

"तू तपास तुझी लस," खाल्ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण भोवतालच्यांना ऐकू जाईल एवढा होता. "माझी गाय गेली तेव्हा तुझे कागद बरोबर होते. इथं कागद नाहीत, पण गोचीड पडताहेत. माझ्या डोळ्यांनी बघतेय मी. आज या हातांनी कुणाची तरी गाय वाचतेय, तेवढं तरी राहू दे मला."

दलेंदा उठली. गाडीत बसली आणि सरळ राजधानीला निघून गेली. एक घडा हिसकावून नेता आला असता. आरोग्य खात्याला फोन करता आला असता. पण भर गर्दीत झालेला अपमान आणि त्याहून खोल रुतलेलं ते 'तुझे कागद' तिला सोडत नव्हतं. येईल खाल्तीचाच फोन, असं म्हणत ती दिवस ढकलत राहिली. त्याच आठवड्यात प्रयोगाचे आकडे हाती आले. लस टोचलेल्या गाईंवरचे गोचीड आणि न टोचलेल्या गाईंवरचे गोचीड यांत नाव घ्यावं असा फरक नव्हता. अकरातलं हे नाव बाद.

बाराव्या दिवशी सकाळी फोन आला. खाल्तीचा नव्हे, नजीहाचा.

"ये लवकर. काल अकरा गाई धुतल्या तिनं. रात्रीपासून उलट्या होताहेत. तोंडातून लाळ थांबत नाही. शेख म्हणतो, संत अंगात उतरतोय."

"नजीहा, ऐक. तिला आत्ताच्या आत्ता इस्पितळात ने. कपडे काढून टाक, साबणानं धू सगळं अंग. तू हातमोजे घाल. शेख आडवा आला तर ढकलून दे त्याला."

जिल्ह्याच्या इस्पितळात दलेंदा पोचली तेव्हा खाल्ती खाटेवर होती. घामानं ओलीचिंब. दंडाचे स्नायू कातडीखाली आपोआप उडत होते, जसे त्या गोचिडाचे पाय उडत होते तसे. दलेंदानं तिच्या डोळ्यांवर उजेड धरला. बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

तरुण डॉक्टरही तेच बघत होता. "शेतात फवारायचं विष," तो म्हणाला. "आम्ही उतारा चालू केलाय. पण हे एका दिवसाचं नाही. किती दिवस हाताळत होती?"

"महिना होत आला."

"उघड्या हातांनी?"

दलेंदानं होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाल्तीला थोडी शुद्ध आली. श्वास अडकत होता, शब्द तुटत होते.

"दलेंदा?"

"हं, खाल्ती. इथंच आहे."

"खमीसच्या घरी वासरू आहे. आठ दिवसांचं. त्याला धुवायचं ठरलंय उद्या. नको म्हणावं."

"सांगते."

"विसरू नकोस. लहान आहे ते." मग थांबून, "मी किती गाई धुतल्या गं?"

दलेंदानं तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

"त्यांना काही होईल का?"

"नाही," दलेंदा म्हणाली. खरं तर तिला ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच खाल्तीच्या विश्वासाचा तिनं असा उपयोग केला. खाल्तीनं डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी पहाटे छातीचे स्नायू थकले आणि श्वास थांबला.

गावच्या कबरस्तानात तिला पुरलं. शेख मुन्जी दफनाला आला, सगळ्यांत मोठ्यानं रडला आणि जाता जाता लोकांच्या कानात एक गोष्ट सोडून गेला: संतानं गावातल्या सगळ्या गाईंच्या बदल्यात एक पवित्र जीव मागून घेतला. आता चाळिसाव्या दिवसाचा सोहळा तिच्याच नावानं होईल. आणि गंमत बघा, लोकांना हे पटलं. निष्कारण मरण्यापेक्षा गाईंसाठी मरणं बरं वाटतं ना.

चाळिसावा दिवस सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. टेकडीवर पुन्हा गर्दी. फड्या निवडुंगाची बोंडं विकणाऱ्यांनी हातगाड्या लावलेल्या. गाईंच्या शिंगांना हिरव्या चिंध्या. खरोखरच एकाही गाईच्या कासेला गोचीड दिसत नव्हता.

"बघा!" शेख गर्जला. "हात घालून बघा! आहे एक तरी?"

"मी बघू?" दलेंदा म्हणाली.

ती पुढे आली. अंगावर शोकाचे साधे कपडे, हातात हातमोजे, आणि बरोबर नजीहा. दोघींनी एक मेज आणलं होतं. गर्दीत कुजबुज झाली, पण कोणी अडवलं नाही; खाल्तीच्या पोरीला आज अडवायचं कोणी?

दलेंदानं मेजावर चहाचे चार पेले मांडले. "नजीहाच्या मेंढ्यांवर दुसऱ्या जातीचे गोचीड अजून आहेत. आज सकाळी तुमच्यातल्याच चौघांसमोर काढलेत. पहिल्या पेल्यात या झऱ्याचं पाणी, माझ्या डोळ्यांदेखत भरलेलं. दुसऱ्यात तेच पाणी आणि संत्र्याच्या फुलांचा अर्क. तिसऱ्यात खाल्तीच्या घरी राहिलेल्या घड्यातलं पाणी. चौथ्यात झऱ्याचं पाणी, अर्क, आणि बाजारात मिळणाऱ्या भाजीवरच्या विषाचे थेंब. प्रत्येकात पाच गोचीड सोडते. आता नुसतं बघायचं."

"हा संताचा अपमान आहे!" शेख ओरडला.

"झऱ्याच्या पाण्यानं त्यांचा अपमान कसा होईल? त्यांचंच ना ते?" हे बोलले अम् खमीस. सगळा गाव त्यांना अम्, म्हणजे काका, म्हणे. लाल टोपी, ऐंशीचं वय, आणि घरी एक वासरू, न धुतलेलं. "थांबा की शेखसाहेब. तुमचं पाणी तर जिंकणारच आहे."

अर्धा तास लोक मेजाभोवती दाटीवाटीनं उभे होते. पहिल्या दोन पेल्यांत गोचीड काचेला धरून सावकाश वर चढत होते. तिसऱ्यात आणि चौथ्यात पाय थरथरू लागले, आखडले, थांबले. तिसऱ्या आणि चौथ्या पेल्यात काडीचा फरक नव्हता.

"म्हणजे माझं पाणी मारतं!" शेखानं संधी साधली. "मी काय वेगळं सांगत होतो?"

"मारतंच," दलेंदा म्हणाली. "विष आहे ते. काही गोचीड त्यानं सुटत होते, उरलेले खाल्तीच्या ब्रशानं. इस्पितळाच्या तपासणीत खाल्तीच्या रक्तात आणि घड्यात एकच विष निघालंय. शेखसाहेब, तुम्ही महिनाभर इथं उभे होतात. तुमच्या हाताला एकदा तरी हे पाणी लागलं?"

सगळ्यांची नजर त्या लांब दांड्याच्या पळ्याकडे गेली.

"संताचं पाणी आहे," दलेंदानं घडा उचलून त्याच्यापुढे धरला. "मी प्या म्हणत नाही. खाल्तीसारख्या बाह्या सारा आणि हात धुवा."

शेखानं हात शालीखाली घेतले.

तेवढी एक हालचाल पुरेशी होती. नजीहाच्या घशातून एक आवाज निघाला, शब्द नसलेला.

"पण मग गोचीड गेले ते?" कोणीतरी विचारलं. "चाळीस दिवस म्हणाला होता तो. गेले की!"

"ते दरवर्षी जातात. जूनमध्ये येतात, जुलैत माजतात, ऑगस्टअखेर माद्या रक्त पिऊन गळून पडतात. दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर तक्ता आहे त्याचा. मीच लावलाय, दोन वर्षांपूर्वी."

अम् खमीसनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! हा गावात आला तेव्हा पहिले दोन दिवस तिथंच बसून चहा पीत होता. मला वाटलं, भिंतीकडे बघून जप करतोय."

"तक्ता वाचत होता. लोकांना भविष्य सांगायचं असेल तर आधी पंचांग बघावं लागतं." दलेंदानं मेजावरचा कंगवा उचलला. "आणि ते जातात म्हणजे मरत नाहीत. या माझ्याबरोबर."

तिनं एका धुतलेल्या गाईच्या मानेखालून बारीक कंगवा फिरवला आणि पांढऱ्या फडक्यावर झटकला. खसखशीहून बारीक ठिपके पडले. थोड्या वेळानं ते चालू लागले. मग ती सगळ्यांना जवळच्या गोठ्यात घेऊन गेली, भिंतीतला एक सैल दगड ओढून काढला. मागच्या भेगेत तपकिरी अंड्यांचा गोळा चिकटलेला होता.

"हे पुढच्या उन्हाळ्याचे गोचीड. थोडे बाहेर पडून गाईंवर चढलेत, हिवाळ्यात पुन्हा याच भेगांत येऊन झोपतील. संत जागा असो वा झोपलेला, भेग उघडी आहे तोवर ते येणार."

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. शेख मुन्जी निघाला होता. पण दलेंदानं सकाळीच कळवून ठेवलं होतं. उताराच्या वळणावर पोलिसांची जीप उभी होती. त्याच्या गाडीत हिरव्या घड्यांखाली विषाचे डबे सापडले. जिवाच्या भीतीनं तो म्हणाला, की बाईनं मरावं असं त्याला वाटलं नव्हतं. ते बहुधा खरंही असेल. त्यानं तिच्याविषयी काही विचारच केला नव्हता.

गर्दी गोठ्यापुढेच बसून राहिली. घरी जायला कोणाचे पाय उचलत नव्हते. एक बाई हळूच म्हणाली, "दलेंदा, आता तुझीच लस दे बाई आम्हांला. आमचा तुझ्यावर विश्वास आहे."

दलेंदानं तिच्याकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर अशी वेदना उमटली, की ती बाई दचकली.

"नको," ती म्हणाली. "तो शब्द नको. माझ्या खाल्तीनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि गाय तापानं फणफणत असताना औषध मागितलं नाही. मग तिनं शेखावर विश्वास ठेवला आणि हात झाकले नाहीत. तिच्या लेखी दोन्ही एकच होतं. आणि मी तिला फरक समजावून सांगितला नाही. तर आज सांगते. माझी यंदाची लस फसली. लस दिलेल्या गाईंवरही तेवढेच गोचीड होते. अजून दहा नावं आहेत, ती एकेक करून बघायची आहेत. कदाचित सगळी फसतील. हे मी तुम्हांला सांगू शकते, कारण मी मोजलंय. शेखानं तुम्हांला कधी सांगितलं, किती गाई त्याच्या पाण्यानंतरही तापानं मेल्या? तुम्ही विचारलंत? चार मेल्या. मी घरोघर फिरून मोजल्यात. कोणीही चमत्कार सांगत आला, तर त्याला एवढंच विचारा: किती वेळा जमलं नाही? आत काय आहे? तू स्वतः हात लावशील का? शालवाल्याला विचारा, पांढऱ्या कोटवालीलाही विचारा. जो चिडेल त्याच्याजवळ थांबू नका. विचारा. मलाही विचारा, आत्ता विचारा."

मग नजीहानं तोंड उघडलं. तिचे डोळे रडून सुजलेले होते, पण नजर सरळ होती.

"तुला त्या पाण्याचा वास आला होता. त्याच दिवशी. मग बारा दिवस तू कुठे होतीस?"

एका बाईनं नजीहाचा हात दाबला. दलेंदानं मान हलवली, राहू दे म्हणून.

"मी रागावले होते," ती म्हणाली. "ती सगळ्यांसमोर मला बोलली, म्हणून. मला वाटलं, तिनं आधी फोन करावा. मला कळत होतं की ते विष आहे. दुसरं काही कारण नव्हतं."

खाली मशिदीतून दुपारची बांग झाली. तरी कोणी उठलं नाही. नजीहा रडत होती, आणि दलेंदा उभीच होती, हातांत अजून हातमोजे, काय करावं ते न सुचल्यासारखी.

अम् खमीसनी घसा खाकरला.

"त्या भेगा बुजवायच्या," ते म्हणाले, "तर चुना किती घ्यायचा आणि माती किती?"

दलेंदानं हातमोजे काढले, त्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि सांगू लागली.